गिरणीच्या कणकेचा ब्रेड आतून चिकट राहतो: दोष पिठाचा, पाण्याचा की वेळेचा?

रानजाई (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मैद्याचा ब्रेड, लादी पाव, फोकाचा आणि दुधातले बन मी घरी नेहमी करते आणि ते व्यवस्थित होतात. आता मला रोजच्या न्याहारीसाठी पूर्ण कणकेचा ब्रेड बसवायचा आहे, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना डॉक्टरांनी मैदा कमी करायला सांगितले आहे आणि विकतच्या ‘आटा ब्रेड’च्या वेष्टनावर बारीक अक्षरांत अनेकदा मैद्याचेही नाव असते. कणीक आमच्या गल्लीतल्या गिरणीतून दळून आणलेल्या लोकवन गव्हाची आहे, म्हणजे पोळ्यांना वापरतो तीच. तिच्या पोळ्या मऊ होतात आणि दुपारच्या डब्यातही मऊ राहतात, त्यामुळे मुळात गहूच वाईट असेल असे मला वाटत नाही.

या कणकेवर मी निरनिराळ्या कृती करून पाहिल्या. इंग्लंडमधल्या एका कृतीत पिठाच्या ६५ टक्के पाणी सांगितले होते; तेवढ्या पाण्यात कणीक पुरीच्या पिठाइतकी घट्ट झाली आणि ब्रेड जेमतेम फुगला. न मळता रात्रभर आंबवण्याची जी प्रसिद्ध कृती आहे, तिच्यात सकाळपर्यंत पीठ आंबूस वासाचे आणि सैल होऊन भांड्यात पसरले, आणि भाजताना वडी मध्यभागी खचली. पिठाची खळ शिजवून ती कणकेत मिसळण्याची पूर्व आशियाई पद्धत त्यातल्या त्यात बरी वाटली, पण तिच्यातही तळाशी बोटभर जाडीचा ओलसर, दाट थर राहिला आणि कापताना तो सुरीला चिकटला. ओव्हन साधा ओटीजी आहे आणि त्यातच मैद्याचा ब्रेड उत्तम भाजला जातो.

मला मैदा मिसळायचा नाही आणि कोंडा काढून टाकायचा नाही. या दोन अटी पाळून कृतीत नेमके काय बदलावे, हे अनुभवी मंडळींनी कारणांसह सांगितले तर फार मदत होईल.


पीठगिरणी (पुणे)

रानजाई, तुमचा प्रश्न नेमका आहे, आणि तुम्ही नोंदवलेली लक्षणे एकाच कारणाकडे बोट दाखवतात. मी धान्यप्रक्रियेच्या क्षेत्रात काम करत असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक कृती पोलादी रुळांच्या गिरणीत दळलेल्या पिठासाठी लिहिलेल्या असतात. त्या गिरणीत दाणा टप्प्याटप्प्याने फोडला जातो आणि पिष्टाचे कण बऱ्याच अंशी अखंड राहतात. आपल्या चक्कीत दाणा दोन दगडांमध्ये दाबाखाली घासला जातो, त्यामुळे पिष्टाचे पुष्कळ कण भंगतात आणि पीठही गरम होऊन बाहेर पडते. भंगलेले पिष्ट अखंड पिष्टापेक्षा कितीतरी पट जास्त पाणी धरते. पोळी मऊ होते आणि मऊ राहते ती याच गुणामुळे, म्हणून आपल्याकडे पिढ्यानपिढ्या असेच पीठ पसंत केले गेले. ब्रेडसाठी मात्र हाच गुण दोन ठिकाणी आडवा येतो. पहिल्यांदा पीठ पाणी ओढून घेते, म्हणून ६५ टक्के पाण्यात ते घट्ट वाटते. पुढे आंबण्याच्या काळात गव्हातली अमायलेज ही विकरे भंगलेल्या पिष्टावर तुटून पडतात, त्याची साखर होऊ लागते आणि त्याने धरून ठेवलेले पाणी सुटते. त्यामुळे सुरुवातीला घट्ट असलेली कणीक काही तासांनी सैल आणि चिकट होते, आणि भाजल्यानंतरही गाभा चिकट राहतो. रात्रभर ठेवलेल्या पिठाचे जे झाले ते यामुळेच झाले.

दुसरे कारण कोंड्याचे आहे. कणीक तिंबताना ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने पाण्याच्या साहाय्याने एकत्र येऊन ग्लुटेनचे जाळे विणतात आणि वायू त्या जाळ्यात अडकतो. कोरड्या कोंड्याचे धारदार तुकडे हे जाळे कापतात, शिवाय स्वतः पाणी ओढून घेऊन प्रथिनांना तहानलेले ठेवतात. पाकिटावर कणकेतील प्रथिनांचा आकडा मैद्यापेक्षा मोठा दिसला तरी त्यातला एक भाग कोंड्यातल्या आणि अंकुरातल्या प्रथिनांचा असतो, आणि ती प्रथिने जाळे विणत नाहीत.

यावर उपाय असा. गिरणीत दळण नेहमीपेक्षा किंचित जाडसर मागा, कारण दगड जितके घट्ट आवळलेले असतील तितके पिष्ट अधिक भंगते. पीठ पसरून पूर्ण थंड होऊ द्या. साडेआठ बाय साडेचार इंचांच्या साच्यासाठी ३५० ग्रॅम कणीक घ्या आणि बारीक चाळणीने चाळा. साधारण ३० ते ४० ग्रॅम कोंडा निघेल. तो फेकायचा नाही. ८० ग्रॅम उकळते पाणी ओतून झाकून ठेवायचा. उरलेल्या पिठात १८५ ग्रॅम पाणी घालून कोरडे पीठ दिसणार नाही इतपतच कालवा आणि अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा. ही विश्रांतीची पद्धत फ्रेंच बेकर रेमों काल्व्हेल यांनी १९७० च्या दशकात रूढ केली, आणि आपल्याकडे पोळ्यांची कणीक मुरवत ठेवण्यामागेही हेच तत्त्व आहे. मग ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ७ ग्रॅम मीठ आणि १५ ग्रॅम गूळ घालून दहा-बारा मिनिटे चांगले तिंबा. शेवटी २० ग्रॅम तेल आणि गार झालेला भिजका कोंडा घालून, तो सगळीकडे सारखा पसरेपर्यंतच मळा. एकूण पाणी ७६ टक्क्यांच्या आसपास होते. तुमच्या गव्हाला त्यात चमचा-दोन चमचे कमी-जास्त लागू शकते.

कोंडा घालण्यापूर्वी पिठाचा लहान गोळा दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणून खिडकीसमोर धरा. त्याचा पापुद्रा न फाटता उजेड आरपार दिसण्याइतका पातळ झाला, तर जाळे तयार झाले आहे असे समजावे. तो झटकन तुटत असेल तर आणखी तिंबावे लागेल.

भाजताना ओव्हन आधी २०० अंशांवर नीट तापवून पहिली दहा मिनिटे त्याच आचेवर आणि नंतर १८० अंशांवर साधारण अर्धा तास ठेवा. सळईचा तापमापक असेल तर वडीच्या मध्यभागी ९५ अंश सेल्सिअसच्या वर तापमान दिसले पाहिजे. बाहेर काढल्यावर लगेच साच्यातून काढून जाळीवर ठेवा आणि दोन तास तरी सुरी लावू नका. गरम असताना कापल्यास आतले पिष्ट अजून घट्ट झालेले नसते आणि चांगला भाजलेला ब्रेडही कच्चा वाटतो.


वैनगंगा (नागपूर)

पीठगिरणी यांनी पिठाचा भाग उत्तम समजावला आहे. मी तापमानाबद्दल लिहिते, कारण माझ्या मते आपल्या हवामानात निम्मे ब्रेड तापमानाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे बिघडतात.

न मळता करायच्या ब्रेडची जी कृती रानजाई यांनी पाहिली, ती बहुधा न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची असावी. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये २००६ साली ती छापून आली आणि जगभर पसरली. तिच्यात १२ ते १८ तास आंबवण्यास सांगितले आहे, पण ते सुमारे ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे २१ अंश सेल्सिअस तापमान असलेल्या खोलीत. आपल्याकडे उन्हाळ्यात स्वयंपाकघर रात्रीसुद्धा ३० अंशांच्या खाली येत नाही. तेवढ्या उष्णतेत यीस्टचे काम जवळजवळ दुप्पट वेगाने चालते, आणि पीठगिरणी यांनी सांगितलेल्या विकरांचेही. म्हणजे मूळ कृतीतला वेळ जसाच्या तसा पाळणाऱ्याचे पीठ पहाटेच्या आत उतरून गेलेले असते. मैदा हे थोडेफार सहन करतो, कणीक करत नाही.

म्हणून घड्याळापेक्षा पिठाचे तापमान सांभाळावे. बेकरीत चालणारा एक साधा हिशेब घरीही उपयोगी पडतो. मळून झालेले पीठ २६ अंशांवर असावे असे ठरवले, तर २६ ला ३ ने गुणून ७८ मिळतात. त्यातून खोलीचे आणि पिठाचे तापमान वजा केले की पाण्याचे तापमान मिळते. खोली ३४ आणि डब्यातले पीठही ३४ अंशांवर असेल, तर पाणी १० अंशांचे, म्हणजे फ्रिजमधल्या बाटलीतले थंडगार हवे. यंत्राने मळत असाल तर घर्षणाने पीठ आणखी तापते, त्यामुळे पाणी त्याहूनही थंड घ्यावे. ‘यीस्टला कोमट पाणी’ हा नियम थंड प्रदेशातला आहे. इन्स्टंट यीस्ट थेट पिठात मिसळता येते. त्याला कोमट पाण्यात जागे करण्याची गरज नसते.

कणकेचा ब्रेड फुगवताना ‘दुप्पट होईपर्यंत’ हे वाक्य मनातून काढून टाकावे. पीठ दीडपटीच्या थोडे पुढे गेले की उंडा वळून साच्यात घालायचा, आणि साच्याच्या काठापर्यंत आला की लगेच ओव्हनमध्ये ढकलायचा. ओल्या बोटाने हलके दाबून पाहावे: खळगा सावकाश आणि अर्धवटच भरून आला तर वेळ बरोबर आहे, तसाच राहिला तर उशीर झाला आहे. उन्हाळ्यात हे सगळे दीड तासाच्या आत उरकते. थंडीत अडीच तासही लागतात. रात्रभर आंबवलेल्या पिठाची चव हवीच असेल, तर यीस्ट अर्धे करून पीठ झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावे आणि सकाळी थेट वळावे.


मांडवीतीर (म्हापसा)

मला या प्रश्नाकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहावेसे वाटते. कोंडा असलेल्या पिठाला उंच, चौकोनी वडीच्या साच्यात बसवण्याचा हट्ट कशासाठी? आमच्याकडे पोदेर सकाळी सायकलच्या मागे टोपली बांधून, भोंगा वाजवत जे पाव घेऊन येतो, त्यात पोई असते. ती गोल, चपटी, आतून पोकळ आणि वरून कोंडा भुरभुरलेली असते. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने आंबवत असत. आता बहुतेक भट्ट्यांमध्ये यीस्ट वापरतात, आणि पिठात मैदाही बराच असतो. तरीही तिची घडण कोंड्याच्या पिठाला अगदी सोयीची आहे. पातळ उंडा भट्टीच्या तापलेल्या लादीवर पडला की आतल्या पाण्याची वाफ होऊन तो क्षणात फुगतो, उंचीचा भार पेलण्याचा प्रश्नच येत नाही, आणि पातळ असल्यामुळे आत ओला थर राहायला जागाच उरत नाही.

घरी करण्यासाठी वर सांगितलेलेच पीठ चालेल, फक्त गूळ आणि तेल वगळावे. पीठ एकदा फुगल्यावर लिंबाहून मोठे उंडे करावेत, परातीत गव्हाचा कोंडा पसरून त्यावर ते हाताने अर्ध्या बोटाच्या जाडीचे थापावेत आणि वीस-पंचवीस मिनिटे झाकून ठेवावेत. ओटीजीमध्ये जाड बिडाचा तवा किंवा लोखंडी तवा ठेवून तो कमाल तापमानावर, म्हणजे २३० ते २५० अंशांवर, अर्धा तास तापवावा. उंडे अलगद उचलून तव्यावर टाकावेत आणि दार लगेच लावावे. सहा ते आठ मिनिटांत पोई फुगते. थापताना कडेपेक्षा मध्य पातळ झाला तर ती फुगत नाही, एवढे लक्षात ठेवावे. काढल्यावर फडक्यात गुंडाळल्यास न्याहारीला भाजी-पाव करण्याइतकी मऊ राहते.

वडीचा ब्रेड करूच नये असे माझे म्हणणे नाही. परंतु शंभर टक्के कणीक ही तुमची अट असेल, तर आठवड्यातले काही दिवस पोई आणि सँडविचपुरती वडी अशी वाटणी केली, तर कणकेकडून तिच्या बळाबाहेरची अपेक्षा राहणार नाही.


रानजाई

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. कोंडा चाळून, भिजवून पुन्हा घालण्याची कृती थंड पाण्याने करून पाहिली. गाभा आता एकसारखा आणि कोरडा आहे, तळाचा ओला थर पूर्णपणे गेला आहे, आणि काप सँडविचसाठी न मोडता उभे राहतात. उंची मैद्याच्या ब्रेडपेक्षा कमी आहे, पण ती मला मान्य आहे. पोई फुगली तेव्हा घरातले सगळे ओव्हनच्या काचेसमोर उभे होते.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गव्हाच्या ग्लुटेनची पूड बाजारात मिळते, ती घालावी का? आणि खपली गव्हाचा ब्रेड याच पद्धतीने होईल का? मधुमेहामुळे आमच्याकडे खपलीचा आग्रह धरला जातो.


प्रेअरी (कॅलगरी)

ग्लुटेनच्या पुडीबद्दल मी सांगू शकतो. इथे आम्हांला दोन्ही जगांतली पिठे मिळतात. कॅनडाच्या गवताळ पठारांवर पिकणाऱ्या लाल वसंती गव्हात प्रथिने भरपूर असतात, त्यामुळे इथला साधा मैदासुद्धा भारतातल्या मैद्यापेक्षा ताकदीचा असतो आणि इथे लिहिलेल्या कृती त्याच ताकदीवर उभ्या असतात. भारतीय दुकानांत मिळणारी कणीक मात्र जपून घ्यावी लागते, कारण काही पाकिटांत ती ड्युरम गव्हाची, म्हणजे आपल्या बन्सीच्या जातीची असते. तिचे ग्लुटेन घट्ट असले तरी लवचीक नसते; शेवया आणि पास्त्यासाठी ते उत्तम, पण ब्रेड त्यात बसका होतो. परदेशातल्या वाचकांनी पाकीट घेण्यापूर्वी घटक जरूर वाचावेत.

अशा कणकेत मी ३५० ग्रॅमला १५ ग्रॅम ग्लुटेनची पूड घालतो आणि पाणी तितक्याच वजनाने किंवा थोडे अधिक वाढवतो. उंचीत स्पष्ट फरक पडतो. पूड कोरड्या पिठात आधी नीट मिसळावी, नाहीतर पाणी लागताच तिच्या रबरासारख्या गाठी होतात आणि मग त्या कितीही मळले तरी सुटत नाहीत. माझ्या मते जिथे गहूच दुबळा आहे तिथे ही पूड घालण्यात काहीच गैर नाही.


पीठगिरणी

प्रेअरी यांच्याशी मी अंशतः सहमत आहे. ड्युरमच्या कणकेत पुडीचा उपयोग आहे. पण रानजाई यांच्या लोकवनाने कोंडा भिजवल्यावर चांगली वडी दिली आहे, तेव्हा तिच्यात पूड घालण्याची गरज मला दिसत नाही. पुडीचे प्रमाण थोडे जरी वाढले तरी काप दाताखाली चिवट लागतो आणि वडीलधाऱ्या मंडळींना तो चावताना त्रास होतो. बेकरीतल्या ब्रेडच्या हलकेपणाशी तुलना करून घरच्या ब्रेडला कमी लेखू नये, असेही मला आवर्जून सांगायचे आहे. तिथे वेगवान यंत्रांनी मळणे आणि पीठसुधारक द्रव्ये यांचा मोठा वाटा असतो. त्यांपैकी पोटॅशियम ब्रोमेट या द्रव्यावर आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली बंदी घातली. ॲस्कॉर्बिक आम्लासारखी काही द्रव्ये आजही रीतसर वापरली जातात.

खपलीचे उत्तर स्पष्ट आहे: याच पद्धतीने होणार नाही. खपलीत ग्लुटेन असते, त्यामुळे ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांना ती चालत नाही, पण ते फार नाजूक असते आणि जास्त तिंबल्यास तुटते. खपलीसाठी पाणी ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा, पीठ फक्त एकजीव होईपर्यंत कालवा, अर्ध्या तासाच्या अंतराने दोन वेळा ओल्या हाताने भांड्यातच घड्या घाला आणि थेट साच्यात ओता. एकदाच फुगवा आणि भाजा. निम्मी खपली आणि निम्मे लोकवन घेतल्यास काप करण्याजोगी वडी मिळते. निव्वळ खपलीची वडी ठेंगणी आणि भुसभुशीत होते, पण तिची चव फार चांगली असते, आणि मांडवीतीर यांच्या पोईच्या आकारात ती अधिक शोभेल. मधुमेहाच्या बाबतीत ब्रेड किती खावा हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून साठवणीबद्दलही सांगतो. ब्रेड फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, कारण त्या तापमानाला पिष्ट सर्वांत लवकर कडक होते आणि ब्रेड दुसऱ्या दिवशीच शिळा लागतो. एक दिवसापुरता फडक्यात बाहेर ठेवून बाकीचे काप करून फ्रीझरमध्ये टाकावेत आणि लागतील तसे थेट तव्यावर गरम करावेत. दमट, उष्ण हवेत पूर्ण गव्हाच्या ब्रेडमध्ये बॅसिलस जातीच्या जिवाणूंची बीजे भाजूनही जिवंत राहतात आणि एक-दोन दिवसांत गाभा चिकट होऊन तोडताना त्याचे तंतू निघू लागतात. पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास आला, तर बुरशी दिसत नसली तरी तो ब्रेड टाकून द्यावा आणि साचा, परात, ओटा व्हिनेगरच्या पाण्याने पुसून घ्यावा. पावसाळ्यात ३५० ग्रॅम कणकेत एक चहाचा चमचा व्हिनेगर घातल्यास हा धोका बराच कमी होतो आणि चवीत त्याचा पत्ता लागत नाही.